चावी कुंडीखाली आहे

आधी इथे बँक होती. बुडाली.
मग बियाण्यांचं दुकान. तेही बुडालं.
तिसरे आम्ही:
साडेतीन हजार पुस्तकं, एक हीटर
आणि अर्ध्या पगारावरची मी,
मंगळवार-शुक्रवार, दुपारी एक ते पाच.

गाव म्हणजे धान्याचं एक उंच कोठार,
दोन चर्च, एक पेट्रोलपंप
आणि नेब्रास्काचा वारा,
जो कुणाच्याच घरी मुक्कामाला राहत नाही.

पालिकेच्या सभेत म्हणाले, यंदा छपराला पैसे नाहीत.
मी म्हटलं, पावसाला तसं कळवू का?
कुणी हसलं नाही.
इतिवृत्तात मात्र नोंद झाली.

खारीचा वाटा म्हणतात ना,
आमच्या माळ्यावर खरीच खार होती.
तिनं आपला वाटा आधीच उचललेला:
ज्ञानकोशाचा शेवटचा खंड, अर्धा.
तिच्या पिल्लांना आता
ज्वालामुखींबद्दल विचारायची सोय नाही, इतकं ठाऊक असेल.

आणि मग ओर्विल कुचेरा आला,
बगलेत ट्रॅक्टरदुरुस्तीचं पुस्तक, तेलकट.
मुदत संपून एकेचाळीस वर्षं झालेली.
कार्ड भावाच्या नावावर.
"त्याच्या गाडीत होतं, सीटखाली.
परवा गाडी विकली. दंड किती?"
दिवसाला दोन सेंट. मी कागदावर मांडलं,
जवळजवळ तीनशे डॉलर. खोडलं. म्हटलं, राहू दे.
त्यानं पैसे दिलेच नाहीत.
दुसऱ्या दिवशी शिडी घेऊन आला,
आणि गोठ्यावरचे उतरवलेले पत्रे.

शिडी धरायला कुणीतरी हवं होतं.
जवळ उभा होता तो शेजारचा लेरॉय,
कुंपणावरून अकरा वर्षांचा अबोला.
धरली. बोलला नाही. पण धरली.
चौथ्या दिवशी वरून आवाज आला, "खिळे दे."
खालून, "कसले?"
समेट झाला म्हणायचा.

खसखशीचे कोलाचे विकून रंग आला,
रंग उरला म्हणून बाक रंगले,
बाक रंगले म्हणून लोक बसले,
बसले ते उठेनात.

युलालिया पास्कुआल रात्रपाळीहून यायची,
मांसाच्या कारखान्यातून, सकाळी सहाला,
बंद दारापाशी उभी, बोटं काखेत.
तिचं इंग्रजी तीन शब्दांचं, माझं स्पॅनिश दोन.
मी कुंडी उचलून दाखवली. खाली चावी.
एवढंच केलं मी सतरा वर्षांत,
बाकीचं चावीनं केलं.

तिजोरीच्या खोलीत आता लहान मुलं बसतात.
दार दीड टनाचं, लागत नाही. बरंच आहे.
नोंदवहीत पुस्तकांशेजारी चढलं:
शिलाई मशीन एक, ड्रिल एक, केकचे साचे,
मासेमारीचा गळ,
परत आला, मासा आला नाही.

बर्फाच्या वादळात तीन दिवस वीज गेली.
बासष्ट माणसं कपाटांमधून झोपली.
ओर्विल 'पाककला' आणि 'धर्म' यांच्या मधोमध,
दोन्हीकडे सारखाच घोरत.

मग माझं खुब्याचं ऑपरेशन, तीन महिने घरी.
काठी टेकत परत आले त्या सकाळी
दिवे लागलेले, कॉफीचा वास,
चाव्या किती झाल्यात, कुणालाच ठाऊक नाही.
टेबलामागे मालिन, वय नऊ,
युलालियाची धाकटी.
मला चांगली ओळखते. तरी म्हणाली,
"कार्ड आहे?"

नव्हतं. कधी काढलंच नव्हतं.
तिनं अर्ज पुढे सरकवला. नाव, पत्ता,
आणि तळाची ओळ, मीच छापून घेतलेली:
गावात तुम्हाला ओळखणारी एक व्यक्ती.

मी तिचंच नाव लिहिलं.
तिनं निरखून वाचलं,
एक अक्षर चुकलं होतं ते दुरुस्त केलं,
आणि शिक्का मारला.